बसून पाहावयाचे अरण्य

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. नोकरीनिमित्त दूर राहणारा मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरी येते, आईवडिलांच्या तपासण्यांची फाइल माझ्यापुढे ठेवते आणि विचारते, "डॉक्टर, यांना एकदा आफ्रिकेची सफारी दाखवावी म्हणतो. झेपेल का हो त्यांना?" आईवडील शेजारच्याच खुर्च्यांवर बसलेले असतात. त्यांचे गुडघे, त्यांची साखर, त्यांच्या हृदयाची शक्ती यांवर आमची चर्चा चालते आणि ते मात्र निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसारखे माझ्या तोंडाकडे पाहत असतात.

बऱ्याच वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्या वडिलांनी मला विचारला होता. अण्णांची बायपास झालेली होती, हातात काठी आलेली होती. दूरदर्शनवर आफ्रिकेतील प्राण्यांचा एखादा माहितीपट लागला की ते जेवण थांबवून पाहत. "अरे, हे एकदा डोळ्यांनी पाहायचं आहे," असे ते म्हणाले, तेव्हा मी मुलगा म्हणून नव्हे, तर डॉक्टर म्हणून उत्तर दिले: "पुढच्या वर्षी पाहू, अण्णा." दुसऱ्या वर्षीही तेच उत्तर दिले. डॉक्टराला नकार देणे फार सोपे असते. नकाराचा जाब त्याला सहसा कुणी विचारीत नाही. तिसऱ्या वर्षी अण्णा आमच्या घरच्याच न्हाणीघरात घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले आणि त्या अंथरुणातून ते पुन्हा उठले नाहीत. जो धोका मला आफ्रिकेत दिसत होता, तो आमच्या ओल्या फरशीवर त्यांची वाट पाहत उभा होता.

म्हणून दोन वर्षांपूर्वी आईने वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी तीच इच्छा बोलून दाखवली आणि वर म्हणाली, "मला तुझं ते 'पुढच्या वर्षी' नको आहे," तेव्हा मी गप्प बसलो आणि अभ्यासाला लागलो. दोन्ही गुडघ्यांची झीज, रक्तदाब, मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा आणि घरात वॉकर, बाहेर चाकाची खुर्ची, अशी तिची एकूण स्थिती. त्या तयारीत आणि त्यानंतरच्या प्रवासात जे शिकलो, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे. हेतू इतकाच की आपल्या घरात हा प्रश्न निघेल तेव्हा उत्तर भीतीने ठरू नये आणि उत्साहानेही ठरू नये.

अरण्यात सगळेच बसलेले असतात

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चालता न येणाऱ्या माणसासाठी सफारी हा मुळात अवघड प्रवास नाही. युरोपच्या सहलीत दगडी रस्त्यांवरून मैलोन्‌मैल चालावे लागते, तीर्थयात्रेत पायऱ्या संपत नाहीत. सफारीत मात्र प्रवासी वाहनात बसून असतो आणि पाहण्याजोगे जे आहे ते त्याच्यासमोरून चालत जाते. हिंस्र प्राण्यांच्या सान्निध्यात वाहनातून उतरण्याची मुभा कुणालाच नसते. पंचविशीतला धावपटू आणि ऐंशीच्या आजी तेथे शेजारी शेजारी बसतात आणि दोघांनाही सिंह सारखाच दिसतो.

अडचण असते ती दोन बैठकांच्या मधल्या अंतरात: विमानातून खाली येताना, वाहनात चढताना, खोलीतून भोजनगृहाकडे जाताना, पलंगावरून न्हाणीघराकडे जाताना. सफारीचे नियोजन म्हणजे या लहान लहान अंतरांचे नियोजन होय. ते नीट केले तर प्राण्यांची चिंता करण्याचे कारण उरत नाही.

देश निवडणे हा वैद्यकीय निर्णय आहे

आफ्रिकेची सफारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे केनियातील मसाई मारा येते. आईच्याही मनात तेच होते. जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास तेथे विल्डेबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात, ते दृश्य खरोखर अद्वितीय असते. परंतु मी दक्षिण आफ्रिकेची निवड केली, आणि तिचे पहिले कारण होते पीतज्वराची लस.

पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर, हा डासांमुळे पसरणारा गंभीर आजार केनियासह आफ्रिकेच्या अनेक देशांत आढळतो. आपल्याकडे तो नाही. पण तो पसरवू शकणारे डास भरपूर आहेत. म्हणून अशा देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्या प्रवाशाकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा आपला नियम आहे. लस फक्त शासनमान्य केंद्रांतच मिळते, टोचल्यानंतर दहा दिवसांनी तिचे प्रमाणपत्र लागू होते आणि 2016 पासून ते आजन्म ग्राह्य धरले जाते.

तरुणांना ही लस सहसा बाधत नाही. मात्र ती जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूंची लस आहे. साठीनंतर प्रथमच घेणाऱ्यांत तिचे गंभीर दुष्परिणाम दुर्मीळ असले तरी तरुणांपेक्षा अधिक आढळतात. क्वचित यकृत, मूत्रपिंड यांसारखे अवयव निकामी होण्यापर्यंत मजल जाते. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांनी, मोठ्या मात्रेत स्टेरॉइड घेणाऱ्यांनी, छातीतील थायमस ग्रंथीचा विकार असलेल्यांनी ती घेऊ नये. अंड्याची तीव्र ॲलर्जी असल्यास तर केंद्रावर आधीच सांगावे. पूर्वी कधी ही लस घेतली असेल आणि कार्ड जपून ठेवले असेल, तर प्रश्नच मिटला. नसेल, तर केवळ एका सहलीसाठी एकोणऐंशीव्या वर्षी ती टोचावी काय, हा विचार आपल्या डॉक्टरांबरोबर बसूनच करावा.

दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही. तेथून परतणाऱ्याला आपल्याकडे हे प्रमाणपत्र लागत नाही. मात्र येथे एक खाचखळगा आहे. मुंबईहून जोहान्सबर्गला जाणारी काही स्वस्त तिकिटे नैरोबी किंवा अदिस अबाबा मार्गे असतात. विमान बदलण्यासाठी तेथे थांबणेही आपल्या नियमाच्या कक्षेत येऊ शकते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी मार्ग पाहावा. आखाती देशांतून जाणारा मार्ग घेतल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

दुसरे कारण हिवतापाचे, म्हणजे मलेरियाचे. आफ्रिकेतील हिवताप बहुधा फाल्सिपेरम जातीचा असतो आणि वृद्धांत तो झपाट्याने जिवावर बेतू शकतो. तेथे क्लोरोक्विन या आपल्या जुन्या ओळखीच्या गोळीचा उपयोग होत नाही. डॉक्सिसायक्लिन, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा मेफ्लोक्विन यांतील औषध निवडावे लागते. मूत्रपिंडे फारच क्षीण असतील तर दुसरे चालत नाही, मनोविकार, फिट्‌स किंवा हृदयाच्या ठोक्यांचे काही दोष असतील तर तिसरे चालत नाही. पहिले औषध परतल्यानंतरही चार आठवडे घ्यावे लागते. ते भरपूर पाण्याबरोबर आणि ताठ बसून घ्यावे, अन्यथा अन्ननलिकेला जखम होते. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या त्याच वेळी घेतल्यास त्याचे शोषण घटते. आधीच आठ गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या डब्यात नववी गोळी घालण्यापूर्वी एवढा विचार करावा लागतो.

दक्षिण आफ्रिकेत मात्र हिवताप नसलेली अभयारण्येही आहेत. जोहान्सबर्गपासून रस्त्याने अडीच-तीन तासांवरचे पिलानेसबर्ग, बोत्स्वानाच्या सीमेलगतचे माडिक्वे, आणि दक्षिणेकडे पोर्ट एलिझाबेथ या जुन्या नावाने अधिक परिचित असलेल्या शहराजवळचे ॲडो ही त्यांपैकी तीन. ॲडोची स्थापना 1931 साली झाली तेव्हा तेथे अवघे 11 हत्ती उरले होते. आज तेथे शेकडो आहेत. विख्यात क्रूगर राष्ट्रीय उद्यान सुमारे 20 हजार चौरस किलोमीटरचे आहे, तेथे डांबरी रस्तेही आहेत आणि विश्रामछावण्यांत चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेल्या खोल्याही आहेत. परंतु क्रूगर हिवतापाच्या पट्ट्यात येते. हे सारे पाहून आम्ही माडिक्वे निवडले.

ज्यांचे मन मारावर किंवा टांझानियातील न्गोरोन्गोरोवर जडले आहे, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. पण आणखी दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. एक म्हणजे उंची. न्गोरोन्गोरो ज्वालामुखीच्या कड्यावरील निवासस्थाने सुमारे 2,300 मीटर उंचीवर, म्हणजे उटीहून किंचित उंच आहेत. हृदय किंवा फुप्फुसे दुबळी असतील तर तेथे रात्री धाप लागू शकते. दुसरी म्हणजे वाहनाची बांधणी. पूर्व आफ्रिकेत बहुधा बंद गाडीचे छप्पर वर उचलले जाते आणि प्रवासी उभे राहून पाहतात. ज्याला उभे राहता येत नाही त्याला खिडकीवर समाधान मानावे लागते. दक्षिण आफ्रिकेतील खासगी निवासस्थानांच्या गाड्या चहूबाजूंनी उघड्या असतात. बसल्या जागेवरून सर्व काही दिसते. चाकाच्या खुर्चीसह वर उचलून घेणाऱ्या, यांत्रिक लिफ्ट बसवलेल्या गाड्या केनिया आणि दक्षिण आफ्रिका या दोन्ही देशांत काही खास संस्थांकडे मिळतात. त्या फार आधी राखून ठेवाव्या लागतात.

पायरी, खड्डे आणि खुर्ची

उघड्या गाडीची पहिली पायरी बहुधा गुडघ्याहून उंच असते. आपली एसटीची पायरी आठवा. प्रवासाच्या दोन महिने आधी मी आईला एका रिकाम्या उभ्या एसटीजवळ नेले होते. कंडक्टरने हसून परवानगी दिली. ती चढू शकली नाही. तेव्हापासून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मांड्यांचे व्यायाम सुरू झाले: खुर्चीतून हात न टेकता उठणे, बसणे; प्रथम दोनदा, मग पाचदा, मग दहादा. दोन महिन्यांनी ती एक लाकडी पाट मध्ये ठेवून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन चढू लागली. सफारी झाली नसती तरी एवढी कमाई पुष्कळ होती, कारण याच मांड्या माणसाला न्हाणीघरात पडण्यापासून वाचवतात.

शक्य असल्यास आदल्या हिवाळ्यात ताडोबासारख्या जवळच्या जंगलात एक छोटी चाचणी करावी. उघड्या जिप्सीत तीन तास बसून पाठ, मान आणि लघवी यांचे काय होते, ते एका सकाळीच कळते.

अभयारण्यातील कच्च्या रस्त्यांचे हादरे ही गंमत नव्हे. हाडे ठिसूळ असतील तर एखाद्या जोराच्या दणक्याने पाठीचा मणका दबून मोडू शकतो. हाडांची घनता तपासून घ्यावी आणि उपचार चालू नसतील तर सुरू करावेत. गाडीत चालकाशेजारची जागा मागावी. ती चढायलाही सोपी असते आणि तेथे दणकेही कमी बसतात. सर्वांत मागची, उंच ओळ देखावा चांगला देते; पण मागच्या चाकांवरचा प्रत्येक खड्डा तेथे थेट कण्यापर्यंत पोहोचतो.

विमान कंपनीला केवळ "व्हीलचेअर हवी" असे सांगून भागत नाही. पायऱ्या चढता येतात पण लांब चालता येत नाही, पायऱ्याही चढता येत नाहीत, किंवा आसनापर्यंत उचलूनच न्यावे लागते, असे तीन वेगळे प्रकार विमान कंपन्या मानतात. आपला प्रकार कोणता, हे तिकिटावर नोंदवून घ्यावे. निदान 48 तास आधी पुन्हा खात्री करावी. अभयारण्यात नेणाऱ्या छोट्या विमानाला अरुंद, तीव्र चढाच्या चार-पाच पायऱ्या असतात, सामानाला कडक वजनमर्यादा असते आणि बॅग मऊ कापडाची लागते. घडीची खुर्ची त्यात मावेल काय, तिचे वजन सामानात धरतील काय, हे लेखी विचारावे. बॅटरीवर चालणारी खुर्ची अशा विमानात बहुधा नेता येत नाही.

ऐश्वर्य कशाला म्हणावे

आता पैशाविषयी. अशा सहलींच्या जाहिरातींत संगमरवरी न्हाणीघर, खोलीबाहेरचा खासगी तलाव आणि सात प्रकारचे पाव यांची वर्णने असतात. वृद्ध प्रवाशासाठी खरे ऐश्वर्य निराळे असते. खर्च करावयाचा तर तो पावले वाचवण्यावर करावा.

स्वतःपुरती स्वतंत्र गाडी घ्यावी. ती महाग असते, पण तीच सर्वांत मोलाची. पाठ दुखू लागली की परत फिरता येते, लघवीसाठी थांबताना सहा अनोळखी माणसांचा संकोच वाटत नाही. आठ दिवसांत तीन ठिकाणे पाहण्याऐवजी एकाच ठिकाणी चार-पाच रात्री राहावे. प्रत्येक स्थलांतरात वृद्ध शरीराचा एक दिवस खर्ची पडतो. जोहान्सबर्गला उतरल्यावर दोन रात्री विश्रांती घ्यावी. तेथील वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे आणि शहर सुमारे 1,750 मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वराहून बरेच उंच आहे.

निवासस्थानाविषयी मी एक चूक केली, ती सांगतो. "आमची खोली चाकाच्या खुर्चीस योग्य आहे," असे आम्हाला ईमेलने कळवले होते आणि मी त्यावर विसंबलो. पोहोचल्यावर पाहतो तो दार रुंद होते, पलंगही बेताच्या उंचीचा होता. पण शॉवरच्या जागेला चार इंचांचा उंबरठा होता आणि भोजनगृहाकडे जाताना कठड्याविना तीन पायऱ्या होत्या. तेथील माणसे इतकी सौजन्यशील की तासाभरात फळ्या ठोकून त्यांनी उतार तयार केला आणि न्हाणीघरात प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. तरीही पहिल्या संध्याकाळी आईचा चेहरा उतरला होता. "मी सगळ्यांना कामाला लावलं," असे ती म्हणाली. ते वाक्य मला टाळता आले असते.

म्हणून आपण "सोयीचे आहे ना?" असे कधीही विचारू नये, त्याचे उत्तर नेहमी "हो" असेच येते. मोजता येईल असे विचारावे. दाराची रुंदी किती? शौचालयाजवळ धरण्यास दांडी आहे काय? शॉवरला उंबरठा आहे काय? पलंगाची उंची किती? खोलीपासून भोजनगृह किती पावलांवर, आणि वाट लाकडी, दगडी की वाळूची? वाळूत वॉकर चालत नाही आणि खुर्चीची चाके रुततात. प्रत्येक उत्तरासोबत छायाचित्र मागावे. कुंपण नसलेल्या निवासस्थानांत अंधार पडल्यावर पाहुण्याला एकट्याने बाहेर पडू देत नाहीत, सोबतीला रक्षक येतो. म्हणून भोजनगृहाजवळची खोली आणि रात्री मदतीला बोलावण्याचे साधन, या दोन गोष्टी आवर्जून मागाव्यात.

विम्याच्या बाबतीत पूर्वीचे सर्व आजार प्रामाणिकपणे लिहावेत आणि त्या आजारांतून उद्भवलेला प्रसंगही विम्यात धरला आहे काय, हवाई रुग्णवाहिकेचा खर्च मिळतो काय, हे लेखी घ्यावे. एखादी गोष्ट लपवून काढलेला विमा ऐन वेळी कागदाचा तुकडा ठरतो.

दिनक्रम आणि औषधे

जुलै महिना तेथे हिवाळ्याचा. गवत वाळलेले असते, पाणवठे मोजके उरतात, म्हणून प्राणी दिसणे सोपे. डास आणि गोचिडीही कमी. पण पहाटेची थंडी आपल्या कल्पनेपलीकडची असते. उघड्या गाडीत ती हाडांत शिरते. लोकरीची टोपी, हातमोजे आणि तीन थरांचे कपडे न्यावेत. बऱ्याच ठिकाणी मांडीवर ठेवायला गरम पाण्याची रबरी पिशवी आणि घोंगडी देतात. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर ती पिशवी पायांशी ठेवू नये, भाजल्याचे कळतही नाही.

मधुमेहींच्या दृष्टीने सफारीचा एक छुपा धोका आहे. पहाटे चहा आणि एखादे बिस्किट घेऊन गाडी निघते. खरी न्याहारी परतल्यावर, नऊ-दहा वाजता मिळते. घरच्या सवयीने उठल्याबरोबर इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेतली तर जंगलाच्या मध्यावर साखर घसरते. ती औषधे न्याहारीबरोबर घेण्याचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, आणि खिशात ग्लुकोज ठेवावे. इन्सुलिन विमानात स्वतःजवळच्या पिशवीत ठेवावे. सामानाच्या कक्षात ते गोठून निकामी होऊ शकते.

लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेण्याची सवय असेल, तर तिचीही वेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलून घ्यावी. आणि लघवीच्या भीतीने पाणी पिणे सोडू नये. ही चूक जवळजवळ प्रत्येक वृद्ध स्त्री प्रवासात करते. मग मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, चक्कर, कधी कधी भ्रमदेखील होतो. प्रौढांसाठीचे डायपर हे यात लाजण्याजोगे साधन नव्हे. चष्म्यासारखेच ते एक साधन आहे.

सर्व औषधे दुप्पट घेऊन दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत, सोबत औषधांची मूळ रासायनिक नावे लिहिलेली चिठ्ठी आणि ताजा ईसीजी असावा. लांबच्या विमानप्रवासात दर तासाला घोटे हलवावेत. पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असेल तर दाबाचे मोजे वापरावेत, मात्र पायांच्या धमन्यांचा विकार नाही याची खात्री करूनच.

काळजी घेणाऱ्यांसाठी एक शब्द. एका वृद्धामागे एकच सोबती असे नियोजन करू नये. आम्ही तिघे होतो: आई, मी आणि माझी बहीण. रात्री उठण्याची पाळी आम्ही आलटून पालटून घेतली. ज्याची झोप होत नाही तो चौथ्या दिवशी चिडतो, आणि त्या चिडण्याचा अपराधभाव पुढे वर्षभर पुरतो.

पाणवठ्यावरची दुपार

तिसऱ्या दिवशी दुपारी आईने फेरीस येण्याचे नाकारले. "माझी पाठ आज नको म्हणते. तुम्ही जा." मला वाईट वाटले, थोडा रागही आला, एवढा खर्च, एवढी खटपट आणि ही खोलीत बसणार! आमची वाटाड्या, जी तिला रोज "दुमेला, म्मा" असे आदराने अभिवादन करीत असे, शांतपणे म्हणाली की ज्याचे शरीर थांब म्हणते त्याने थांबावे, अरण्य कुठे जात नाही. आईला पाणवठ्यासमोरच्या ओसरीवर बसवून, बहिणीला तिच्याजवळ ठेवून मी रानकुत्र्यांच्या शोधात निघालो. तीन तास हादरे खाल्ले. रानकुत्रे दिसले नाहीत.

परतलो तेव्हा आई ताठ बसली होती आणि डोळे चमकत होते. हत्तींचा कळप पाण्यावर येऊन गेला होता. तिने मोजले होते, चौदा. त्यांत एक अगदी लहान पिल्लू. त्याला सोंडेने पाणी कसे प्यावे ते अजून उमगलेले नव्हते, म्हणून ते गुडघे टेकून तोंडानेच पीत होते. कळपातील एक म्हातारी हत्तीण सर्वांच्या मागून, एक पाय जपत, सावकाश आली. "आणि काय सांगू तुला, सगळे थांबले रे तिच्यासाठी. तिचं पिऊन झाल्याशिवाय कुणी हललं नाही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "यांना दाखवायला हवं होतं."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

परतल्यानंतर

प्रवास विमानतळावर संपत नाही. आफ्रिकेतून परतल्यावर तीन महिन्यांच्या आत केव्हाही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि पहिले वाक्य हेच सांगावे: "आम्ही आफ्रिकेत जाऊन आलो आहोत." हिवतापाच्या प्रदेशात गेला असाल तर प्रतिबंधक गोळ्या पूर्ण घेतल्या असल्या तरीही रक्ततपासणी करावी. हिवताप नसलेल्या भागातून आलेल्या प्रवाशाच्या अंगावर तापाबरोबर काळ्या खपलीची जखम दिसली, तर गोचिडीच्या चाव्याने येणाऱ्या तापाचा विचार करावा लागतो. तो योग्य औषधाने बरा होतो. मात्र प्रवासाची माहिती नसेल तर आमच्यासारख्या डॉक्टरांना तो सुचतही नाही.

काहींनी जाऊ नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांनी, बसल्या जागी धाप लागणाऱ्यांनी, नव्या जागी रात्री भांबावणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनी हा प्रवास टाळावा. त्यांच्यासाठी जवळचा पाणवठा आणि घरची ओसरी शोधावी. बाकीच्यांच्या बाबतीत मात्र आपण "जमेल का?" या प्रश्नाऐवजी "काय केले म्हणजे जमेल?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला मी पूर्वी एका शब्दात उत्तर देत असे. दुसऱ्याला उत्तर देण्यास मला आता अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात मी फाइलकडे कमी, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे अधिक पाहतो.

आई आता एक्याऐंशीची आहे. गुडघे अधिक थकले आहेत; पण सकाळी खुर्चीतून दहा वेळा उठण्याचा व्यायाम तिने सोडलेला नाही. परवा मी कारण विचारले, तर म्हणाली, "न्हाणीघरात जायला लागतो की रोज."